काठवटीची एकतारी

देऊळघाट,
श्रावण शुद्ध, १९६४

प्रिय मोतीराम,

हे पत्र उकंडरावांच्या हाती पाठवते आहे. ते आज दुपारच्या एस.टी.नं शेगावला महाराजांच्या दर्शनाला निघाले आहेत. देवळात जाण्याआधी तुझ्या दारात जायचं, असं मी त्यांना बजावलं आहे. तोंडी निरोप त्यांनी दिलाच असेल, पण माणूस विसरभोळा, म्हणून इथंही लिहिते. तुझ्या घरावर चढलेल्या दुधीच्या वेलाचं एकही फळ खाऊ नका. रुख्मिणीला तर चाखूही देऊ नकोस. भाजी चुलीवर असेल तर उतरव आणि दूर नेऊन पुर. का, ते सांगायला मला बरंच लांबण लावावं लागणार आहे. तू ते शेवटपर्यंत वाच, मध्येच फाडून टाकू नकोस. तुझा राग मला चांगला माहीत आहे, आपल्या दोघांनाही तो एकाच घरातून मिळाला.

रुख्मिणीनं तुझ्या नकळत मला कार्ड टाकलं, त्याबद्दल तिला बोलू नकोस. लेक झाल्याचं तिनं कळवलं नसतं तर आम्हाला कुणी सांगितलं असतं? बाबांचं तू विचारत नाहीस, तरी मी सांगणारच. तब्येत बरी आहे म्हणायची. मळा करतात, वांगी-मिरची बाजारात नेतात. बाकीचा वेळ ओसरीवर बसून डबे ठोकतात. ओसरी आता भंगारवाल्याची झाली आहे. डालड्याचे डबे, छत्रीच्या दांड्या, सायकलच्या ब्रेकची तुटलेली दोरी. त्या दोरीचा पीळ उलगडून तिच्यातली एक एक बारीक तार वेगळी करतात, चिमणीच्या उजेडात डोळे फोडून. डब्याचा पत्रा एका बाजूनं कापायचा, तिथं शेळीचं कातडं ताणायचं, आरपार दांडी घालायची, वर लाकडाची खुंटी, आणि तार उचलून धरणारी घोडी मोडक्या फणीच्या तुकड्याची. झाली एकतारी. वाजते कशी म्हणशील तर पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी. भजनी मंडळीतले महादेवराव घेऊन गेले होते एक. तोंडावर बोलले नाहीत, पण मंडळी हसली असं माझ्या कानावर आलं. ज्या हाताच्या एकतारीसाठी दुसरबीडहून माणसं यायची, त्या हाताचं हे असं झालं.

मला त्याचंही काही नव्हतं. राग याचा होता की भंगार कमी पडलं तसे ते मायच्या भांड्यांत शिरले. आधी तिचा पिठाचा डबा गेला. मग चाळणीची कड. फणी तिचीच, मी दातांवरून ओळखली. एकदा तर तिचा तिखटाचा डबा मी त्यांच्या हातातून हिसकून घेतला आणि घरी आणून ठेवला. माझं सासर गावातच, त्यामुळे रोजची भाकरी-भाजी नेऊन द्यायला मी जाते आणि रोज भांडून येते. बाबा उलट एक शब्द बोलत नव्हते. बायको गेली तर तिची एकेक खूण पुसायला निघालेत, असं मी तुझे भाऊजी रामराव यांच्याजवळ किती वेळा बोलले असेन. तूही तेच म्हणून गेलास.

पूर्वीचं आठवतं का तुला? मळ्याच्या कुंपणावर बाबांचा कडू भोपळ्याचा वेल. एकतारीला तोच लागतो. गोड दुधीची कवटी पातळ, लवकर किडते. फळ वेलावरच वाळू द्यायचं, हलवलं की आत बिया वाजल्या पाहिजेत. मग वरून कापून आतला गाभा खरवडायला बसायचं. बाबा तोंडाला फडकं बांधत, आपल्याला बांधायला लावत, तरी तो भुसा उडून ओठांना लागायचाच. जीभ लाकडासारखी व्हायची. तू थुंकत थुंकत विहिरीपर्यंत पळायचास आणि माय तुझ्या तोंडात गूळ कोंबायची. तिचं आणि त्या वेलाचं कधी पटलं नाही. “तुमचा तो कडू माह्या दुधीच्या शेजारी काऊन पायजे?” असं ती दर पावसाळ्यात विचारायची. बाबा हसायचे. “त्याले काय, त्याचं त्याच्यापाशी, तुहं तुह्यापाशी,” म्हणायचे. एकाचं दुसऱ्याला लागतं, हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. फुलावर बसलेली माशी कुंपण बघत नाही. ज्या वर्षी बाबांनी वेल नेहमीपेक्षा आत, मायच्या वाफ्याला लागून लावला, त्याच वर्षी मायनं बियाण्याची दुधी राखली. फळ गोडच होतं. आत बी मात्र फिरलं होतं; तेच तिनं गेल्या वर्षी लावलं, उरलेलं गाठोड्यात बांधून ठेवलं.

मायची सवय तुला माहीत आहे. बाजारात जाणाऱ्या प्रत्येक दुधीचं देठाकडचं टोक कापून जिभेला लावायची. कडू निघाली तर उकिरड्यावर. मायची दुधी डोळे मिटून घ्यावी असं बुलढाण्याच्या बायका म्हणायच्या, ते उगाच नाही. पण वेलाचं पहिलं फळ ती विकायची नाही, ते देवाचं. आणि देवाला दाखवायचं ते आधी कुणी चाखायचं नाही. मोतीराम, सगळी गंमत इथंच आहे, आणि गंमत तरी कशी म्हणू. आयुष्यभर जिनं दुधी चाखल्याशिवाय सुरी चालवली नाही, तिनं तेवढी एक चाखली नाही, कारण ती नैवेद्याची होती.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी ती भाजी झाली. मी तिथं नव्हते, माझ्या घरी बैलांची माळ गुंफत होते. दुपार कलताना उलट्या सुरू झाल्या, मग रक्त पडायला लागलं. रामरावांनी गाडी जुंपली, बुलढाण्याचा दवाखाना गाठायचा म्हणून निघालो, आणि वाटेतच ती गेली. माझ्या मांडीवर. लोक म्हणाले पटकी. आपणही पटकीच म्हणालो. दिवस झाल्यावर बाबांनी मळ्यातले सगळे वेल उपटले, तिचेही आणि स्वतःचेही. घरात वाळत टांगलेले भोपळे आपटून फोडले. दुःखानं माणूस काहीही करतो, असं आपण समजलो.

मग दिवाळीला तू आलास आणि मायची काठवट तुला ओसरीवर दिसली, मधोमध कापलेली. जिच्यात तिनं आपल्याला पोसायला जन्मभर पीठ मळलं ती काठवट. तू काय काय बोललास ते मी परत लिहीत नाही. माणूस आहात की कसाई, इथपर्यंत गेलास. तू मायच्या बियांचं गाठोडं तेवढं उचललंस, माझ्या मायचं एवढं तरी राहू द्या म्हणालास, आणि सणाचं जेवण न जेवता गेलास. मी तुझ्याच बाजूची होते. त्या काठवटीची एकतारी पुढे पुरी झाली. तिच्यावर तार मात्र त्यांनी आजवर चढवलेली नाही. खुंटीला टांगलेली आहे.

आता काल काय झालं ते सांगते. रुख्मिणीचं कार्ड आलं होतं, ते मी दुपारी बाबांना वाचून दाखवलं. ते एका डब्यावर ओलं कातडं ताणत बसले होते. नात झाली, नाक आजीवर आहे, हे ऐकून हसले. कितीतरी दिवसांनी हसले रे. पुढे तिनं लिहिलं होतं की सासूबाईंच्या गाठोड्यातलं दुधीचं बी लावलं, वेल कौलांवर चढला, कोवळी फळं धरली आहेत, बाळंतिणीला दूध यायला दुधी चांगली, जणू सासूबाईच वाढताहेत असं वाटेल. मी वाचत होते आणि बाबांच्या हातातलं कातडं सुटलं. “कोनतं बी?” मी सांगितलं. “गाठोड्यातलं?” हो म्हटलं. “मले वाटलं त्यात वांग्या-मिरचीचंच बी असन,” म्हणाले.

मग ते बोलले. जसं बोलले तसंच लिहिते, माझ्याकडून बदल करायचा नाही असं ठरवलं आहे. “तोंडात घास घातल्याबरोबर मले समजलं वं चांगुणे. माह्या भोपळ्याचाच कडूपना तो. आयुष्यभर ओठाले लागला, मले नाही समजनार त कोनाले? घास हातावर काढला, भाजी ताटाच्या कडेले सारली. बोललो नाही. बोललो असतो त तिनं त्याच दिवशी माहा वेल उपटाले लावला असता. तीन-चार भोपळे वाळाले आले होते. म्हटलं, कडू हाय, लागलं त पोट झाडून काढन, आनखी काय?” मायनं विचारलं होतं, कडू लागते काय हो? ते म्हणाले, नाही. ती म्हणाली, देवाचं हाय, टाकता येत नाही. आणि तिनं आपली भाजी खाल्ली, मग त्यांच्या ताटातली उरलेलीही खाल्ली.

मी त्यांना पाणीसुद्धा दिलं नाही. तशीच उठून घरी आले. काय वाटलं ते तुला वेगळं सांगायला नको, तुला आत्ता वाटतं आहे तेच. एका वेलापायी! चार वाळक्या भोपळ्यांपायी! रात्रभर मी माझ्याशीच बोलत होते. आणि हेही डोक्यातून जाईना की वर्षभर तो माणूस हे घेऊन त्या ओसरीवर बसला होता, तू कसाई म्हणालास तेव्हाही, मी रोज ताट आपटत होते तेव्हाही. सकाळी गेले तेव्हा मी एकच विचारलं, मायची भांडी काऊन फोडली? म्हणाले, “भोपळ्याले हात लावाची हिंमत होत नाही. अन् वाजोल्याबिगर जीव ऱ्हात नाही. तिच्या काठवटीतून घरात भाकरच गेली, इख नाही. म्हून तिचंच घेत गेलो.” माफ केलं असं मात्र समजू नकोस. मला अजून कळत नाही मी काय करणार आहे.

आता हे पत्र का, ते ऐक. मी त्यांना म्हटलं होतं, नुसता निरोप धाडू, बी खराब निघालं म्हणून. बाकीचं झाकून राहू द्या, मोतीराम आधीच तुटला आहे, हे कळलं तर उंबरा चढायचा नाही. माझ्या मनात त्यांची कीव नव्हती, उरलेलं घर मोडू नये एवढंच होतं. त्यांनी मान हलवली. “नुसतं खराब म्हटलं त तो एखादा वेल राखन. मायचं बी हाय, जीव नाही होनार त्याचा उपटाले. पुढच्या साली पुन्हा लावन. त्याले खरं लिही. मंग तो उपटन. मले नाही भेटला तरी चालन.” म्हणून लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांच्यासमोर बसून सगळं वाचून दाखवलं, माझा रागही गाळला नाही. त्यांनी कुठंही नाही म्हटलं नाही. तेव्हा आधी ऊठ आणि वेल मुळासकट उपट, गाठोड्यात बी उरलं असेल ते चुलीत घाल, आणि मग जे वाटायचं ते वाटू दे. वर्षश्राद्ध पोळ्याच्या आदल्या दिवशी आहे. ये असं मी म्हणत नाही, मी म्हणणारी कोण. एक तेवढं सांगायचं राहिलं. खाली तुमचं नाव घालू का, असं मी शेवटी विचारलं. त्यांनी खुंटीवरच्या त्या एकतारीकडे बघितलं. म्हणाले, “बाप म्हून लिहाचं का नाही, ते मोत्यालेच इचार.” म्हणून माझ्या नावाच्या वर एक ओळ कोरी सोडली आहे.



तुझीच,
चांगुणाताई