लुगड्याची साक्ष

चि. मुरारीस,

आशीर्वाद शेवटाला लिहीन, उरला तर.

निराधारांच्या पेन्शनीसाठी अर्ज केला होता. तलाठी चौकशीला वाडीत आला. मी खरं ते सांगितलं, मुलगा मुंबईला हाय, पण सात वर्षांत फिरकला नाय, काय धाडतही नाय. मग त्याने शेजारी विचारलं. तुझी आनंदीकाकी म्हणाली, "तिला काय कमी? पोरगा दर शिमग्याला नवं लुगडं धाडतो. पालखी दारात येते तेव्हा तेच नेसून उभी असते."

काकी खोटं बोलली नाय रे. मीच तसं सांगत आलेय. कोंबड्या विकून पोलादपूरच्या बाजारातून लुगडं आणायचं आणि पालखीपुढे तुझं नाव घ्यायचं. तुला गावात कोणी नावं ठेवू नये म्हणून.

काल कागद आला. अर्ज नामंजूर, मुलगा सांभाळ करतो. खाली सायबाची सही आणि शिक्का. तू चांगला हायस, हे आता सरकारनेपण मानलंय.

हे पत्र टाकणार नाय. तुझ्या खोलीवर दुसऱ्या कोणी वाचलं तर परत तुलाच नावं ठेवतील.

शिमगा आठ दिवसांवर आलाय. यंदा कुठला रंग धाडलान म्हणून काकी सकाळी विचारत होती.

मी निळा सांगितला.

तुझी आई,
येसू