अख्खा स्पेन ब्लॉक

२५ मार्च
वही, माफ कर. नाताळानंतर आज तुला उघडतोय. कारण साधं नाही, जबाबदारी आहे. आमच्या गावाला डोंगर आडवा येतो, मोबाइलची रेंज नाही. म्हणून स्पॅनिश जावई हासिन्तोने टेकडीवर वायरलेसची अँटेना बसवून अकरा घरांना इंटरनेट दिलं. तो आणि माझी लेक रालित्सा वालेन्सियाला परत गेले. अलर्ट येतात तो टॅबलेट माझ्याकडे. सातवी नापास माणसाच्या हाती अकरा घरं. संकल्प: एकही अलर्ट सोडायचा नाही. रालित्साचे दिवस भरत आलेत. बातमी येईल ती याच अँटेनावरून.

२७ मार्च, सकाळी ७
अलर्ट: सिग्नल कमजोर. टेकडी चढलो. अँटेनावर करकोचा, घरटं बांधतोय. यंदाचा पहिलाच दिसला, म्हणून आधी रिवाजाप्रमाणे मनगटाचा मार्चचा लाल-पांढरा धागा सोडून आलुबुखारच्या फांदीला बांधला. करकोच्याला हुसकावलं नाही. लेक बाळंत व्हायच्या वेळी असला अपशकुन कोण करील? शेजारीण स्तोइमेन्का म्हणाली, गांचोदादा, खांबावर चढवलं नाही असं सरळ सांगा की. 

२८ मार्च
रालित्साला करकोच्याचं सांगितलं. म्हणाली, बाबा, तुम्ही कशालाही हात लावू नका, हासिन्तो इथूनच बघेल. तिथून काय बघणार? टेकडी तर इकडे आहे. नवऱ्याचं कौतुक असावं, पण किती.

२९ मार्च
पहिला लाल अलर्ट. बाहेरून कुणीतरी आत शिरलं. ठिकाण: माद्रिद. आमची माणसं वालेन्सियात, म्हणजे हा चोर. तरी घाई केली नाही, मी तसा माणूस नाही. व्हिडिओ कॉल लावला. रालित्सा दवाखान्यात, फोन हासिन्तोकडे. त्याला आमची भाषा येत नाही, मला त्याची. टॅबलेट फोनपुढे धरला, अलर्टवर बोट ठेवलं, मग त्याच्याकडे बोट केलं: हा तू? त्याने मान वरखाली हलवली. दोनदा, ठासून. म्हणजे साफ नाही. ब्लॉक केला.

३० मार्च
आणखी तीन पत्ते, तिन्ही स्पेनचे. एकेक अडवत बसलो असतो तर जेवण राहिलं असतं. शोधता शोधता देशांची यादी सापडली. अख्खा स्पेन ब्लॉक केला, एका बटणात. स्तोइमेन्का म्हणाली, मग लेकीचा फोन कुठून येणार? म्हटलं, आपल्या माणसांना वाट सापडते. कुठली वाट, म्हणाली. बायकांना तांत्रिक गोष्टी समजावणं कठीण.

३१ मार्च
हल्ले १४. अडवले १४. फोन नाही. पहिलटकरणीला वेळ लागतोच.

१ एप्रिल
हल्ले २७. सगळे अडवले. चोर इतका चिवट, की मला त्याची कीव यायला लागली. फोन नाही. काळजीने चीजची बनित्सा घशाखाली उतरेना. दोनच तुकडे खाल्ले. मग तिसरा.

२ एप्रिल, ब्रेडची गाडी येऊन गेल्यावर
गाडीवाला वेल्को हॉर्न वाजवतच आला. म्हणाला, आजोबा, परवा नात झाली तुम्हाला, आणि तुमचा फोन काय विहिरीत पडलाय? जावयाने शेवटी शहरातल्या बेकरीत फोन करून निरोप दिला. अँटेना सुधारायलाही तोच आत शिरत होता; त्याच्या कंपनीचं इंटरनेट माद्रिदहून दिसतं म्हणे. ब्रेडच्या रांगेत दहा घरांना हे माझ्याआधी कळलं. अकरावं घर रखवालदाराचं, म्हणजे माझं.
मी म्हटलं, पण तो नाही म्हणाला होता. स्तोइमेन्काने विचारलं, कसा म्हणाला? मान वरखाली करून दाखवली. तिने पिशवी खाली ठेवली आणि पोट धरून हसली. अहो दादा, आपल्याकडे ते नाही, त्या लोकांत ते हो असतं. माझ्या भाच्याने इटलीत हो हो म्हणत मान आडवी हलवली आणि नोकरी घालवली.
नातीचं नाव त्रेन्दाफिल्का ठेवायचं म्हणतायत. माझ्या गेलेल्या बायकोचं. कागदावर लिहायचं थांबलंय, माझा होकार हवाय. एकेचाळीस हल्ले म्हणजे हा एकच प्रश्न एकेचाळीस वेळा. आणि मी तो अडवला, एकेचाळीस वेळा. कामात चोख.

दुपारी ४
स्पेन उघडला. बटण स्तोइमेन्काने दाबलं, मला हात लावू दिला नाही. तीनदा फोन केला, उचलत नाहीत. थकले असतील. टॅबलेटवर एकही अलर्ट नाही. इतकी सुरक्षितता सोसवत नाही.
फोनसमोर बसलोय. मान अजिबात हलवणार नाही, हो तोंडाने म्हणणार.
रालित्सा, हासिन्तो, करा की एक हल्ला. लवकर करा.