कमी भरलेली तूर

पौष शु. ११, शके १८५७. कल्याण (जि. बिदर)
शांता आली हैदराबादेहून. माझ्या थोरल्या पोराची लेक, कालेजात पदार्थविज्ञान शिकायलीय. (पुढं तिला नुसतं शां. लिहीन, बोटं दुखतेत.) चष्मा लागलाय, वाळली बी. पण बोलायला लागली की नुसतं ऐकत बसावं. सून म्हणाली, आत्याबाई, तिला जरा चुलीजवळ बसू द्या. बसंल की. आदी तिचं सांगनं मला ऐकू दे.

शु. १३
शां. सांगायली, अणूतून एक बारका कण बाहेर पडतो. आदीची शक्ती मोजली, नंतरची मोजली, तर नंतरची कमी भरायली. मोठमोठ्या मानसांनी हात टेकले, म्हणाले, शक्ती घटत न्हाई वाढत न्हाई हा नियमच खोटा आसल. एकजण म्हणला, नियम खरा, दुसरा एक कण बाकीची शक्ती घेऊन निघून जायलाय, कुनाला दिसंना.
"तुमाला दिसला का?"
"आजून न्हाई, आज्जी."
"मग कशावरून?"
"कमी भरतंय त्यावरून."
मी हसले. मग हसू गेलं.
शां. आजून एक गोष्ट म्हणाली. नियम आज तोच, उद्या तोच, हितं तोच, हैदराबादेत तोच. तो बदलत न्हाई म्हणून बेरीज बदलत न्हाई. हे नीट कळलं न्हाई, पण डोक्यातून जाईना.

पौर्णिमा
लिहावंच. गंगव्वा पंधरा वर्सं आमची तूर भरडत होती. रीत अशी, तूर तोलून द्यायची, तिनं ऊन देऊन भरडायची, मग डाळ, चुनी, टरफल सगळं तोलून घ्यायचं. दर साली चैत्रात देते, चांगली वाळल्यावर. गेल्या साली शां.च्या बहिणीचं लगीन, घाई. पौषातच खळ्यावरची नवी तूर एक मण दिली. तीन शेर कमी भरलं. विहिरीवर, समद्या बायांसमोर, मी तिला चोर म्हणले. ती गाव सोडून मुडबीला बहिणीकडं निघून गेली.
त्याच लग्नात सुनंनं भरडलेली डाळ मी तोललीच नव्हती. कामून? घरची म्हणून.
आज दहा शेर नवी तूर तोलून अंगणात वाळत घातली.

व. ३
तुरीजवळ बसून हाय. चिमणी सुदिक बसू देत न्हाई. शां. चिडवायली, "आज्जी, कमी भरली तर चोर कोन?" पोरगी लई तिखट.

व. ८
संक्रांत झाली. आज तूर तोलली. पाऊण शेर कमी. परत तोलली. तेवढीच. एक दाना कुनी उचलला न्हाई, मी हितंच होते. ओल गेली उन्हात, कुनाला न दिसता.
दहाला पाऊण, चाळीस शेरांच्या मणाला तीन. हिशोब शां.नं सांगायच्या आदीच झाला होता. ती पाटी-पेन्सिल घेऊन आली, माझं तोंड बघून परत गेली.

व. १०
छकड्यानं मुडबीला गेलो, मी आन शां. गंगव्वानं पाणी दिलं, बसायला घोंगडं दिलं. मी समदं सांगितलं, तूर, ऊन, पाऊण शेर. चुकले म्हणले. शां.नं कणाचं सांगायला तोंड उघडलं, मी तिचा हात दाबला.
गंगव्वानं तांब्या बाजूला सारला. मग म्हणाली, "अक्का, चोर विहिरीवर म्हणलाव. खरं सांगायला माझ्या घरात आलाव."


व. १२
शां. सकाळच्या मोटारीनं गेली. जातानी पाया पडली.
मग घागर घेऊन विहिरीवर गेले. सून म्हणाली, आत्याबाई, तुमी कामून? पाचसहा बाया होत्या, गेल्या सालच्याच. घागर खाली ठेवली, "बायांनो" म्हणले. तेवढ्यात एकीनं विचारलं, शांता काय शिकायलीय वो? झालं. अणू, कण, हैदराबाद, चष्मा, समदं सांगत बसले, त्या बी कौतुकानं ऐकायल्या. घागर भरली, गंगव्वाचं सांगायचं तसंच राह्यलं, घरी आले.
सांजेला परत बाया येतेत पाण्याला. आजून ऊन हाय.