शेंदराखालचा व्हॉल्व्ह

३ ऑक्टोबर १९८८
आज कामावर रुजू झाले! मांजरीच्या उसाच्या मळ्यांपलीकडे आमचा रसायनांचा कारखाना आहे. विश्रांतवाडीहून बस बदलत आले, तरी थकवा जाणवला नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर कामगारांना सुरक्षेचे शिक्षण द्यावे असे मालकांना वाटले, आणि मराठीतून शिकवू शकणारी रसायन अभियंता म्हणून माझी निवड झाली. चार माणसांसमोर मला मोठ्याने बोलता येत नाही. व्यवस्थापक आप्पासाहेब म्हणाले, कामगार चावत नाहीत, आणि चावलेच तर दवाखाना आपलाच आहे.

७ ऑक्टोबर
वर्ग उत्तम चालला आहे. रिॲक्टरमधला, म्हणजे रसायनांच्या बंद टाकीतला, दाब वाढला तर आधी तापवणारी वाफ बंद, मग थंड पाणी चालू, तरीही काटा उतरला नाही तर सर्वांनी बाहेर पडायचे. संपत हा वयाने मोठा ऑपरेटर हे सारे न अडखळता सांगतो. शेवटी विचारले, हेही चुकले तर कोण वाचवील? उत्तर हवे होते सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे दाब मर्यादेबाहेर जाताच आपोआप उघडणारी झडप. सगळे एका सुरात म्हणाले, बाबा. मला हसू आले.

८ ऑक्टोबर
बाबा पाहिला. तो व्हॉल्व्हच आहे. काही वर्षांपूर्वी तो किंचाळत उघडला आणि संपतची अख्खी पाळी वाचली. तेव्हापासून दर शनिवारी त्याला तेल-शेंदूर चढतो. थरांवर थर बसून त्याला गोल खांदे आले आहेत, वर चांदीचे डोळे. वायू बाहेर पडण्याचे तोंड पार बुजले आहे. दाब वाढला तर हा उघडणारच नाही. नखाने शेंदूर टोकरून पाहिला. कोमट होता, आणि मऊ. रिॲक्टरच्या उष्णतेने असावा.

१० ऑक्टोबर
आप्पासाहेबांना सांगितले. म्हणाले, काढा की बाई, नको कोण म्हणतंय. मात्र कामगार दारात बसले की त्यांची समजूतही आपणच काढा. करीम फिटरला विनवले. त्याने पाना खाली ठेवला. म्हणाला, मी करीम, यांच्या देवाला पाना लावला तर उद्यापासून घरी कोणत्या रस्त्याने जाऊ? 

१५ ऑक्टोबर
निश्चय करून गेले होते. पर्समध्ये खरवडायला पत्रा होता. शिडी चढायची, सर्वांदेखत थर काढायचा आणि कारण समजावून सांगायचे. वर पोहोचताच संपतने शेंदराची वाटी माझ्या हातात दिली. बाईंनी आम्हाला शहाणं केलं, आज पहिला मान बाईंचा, असे तो म्हणाला. सगळे हात जोडून पाहत होते. पत्रा पर्समध्येच राहिला.
मी शेंदूर लावला. दोन्ही हातांनी.

१८ ऑक्टोबर
नखांतला रंग जात नाही. आज संपतला एकट्याला गाठून सगळे सांगितले. तो नुसता हसला. बाई, तुम्हीच तर लिंपलंत, म्हणाला.
बाबाचे ते चांदीचे डोळे दाराकडे असत. आज माझ्या केबिनकडे आहेत. कोणी हलवले असतील.

१९ ऑक्टोबर, खंडेनवमी, दुपार
थंड पाण्याचा पंप बंद पडला. वाफ मी स्वतः बंद केली. काटा चढतोच आहे.
कोणीही बाहेर पडत नाही. करीम तेवढा पळाला. बाकी सारे बाबाखाली, हात जोडून. वर्गात शिकवलेल्या पायऱ्या सगळ्यांना पाठ आहेत —
केबिनच्या काचेतून पाहते आहे. कोणाला तरी कळावे म्हणून लिहिते.
शेंदराला तडा गेला. आत काहीतरी फुगते, बसते. श्वास घेतल्यासारखे —
बाबा कवच सोडतोय, असा जल्लोष चालला आहे. आणखी जवळ सरकले.
मी ओरडले. जन्मात प्रथमच इतक्या मोठ्याने. संपतने वळून पाहिले. अगदी प्रेमाने. त्यांनी पुढची जागा मोकळी केली आहे, माझ्यासाठी. हात करून बोलावत आहेत —
फाटक उघडे आहे. मला फाटकाकडे जायचे आहे.
पायांत चप्पल नाही. केव्हा काढली? मी तर अजून केबिनमध्येच —
फरशी गरम लागते आहे. चांदीचे डोळे अगदी समोर आहेत. फाटक डावीक