गेरूने लिहिलेली तारीख

बाबा, तुमचा फवारणीचा पंप कधीच भंगारात गेला, पण पावडरीचा तो कडवट वास माझ्या नाकातून गेलेला नाही. तुमचा खाकी शर्ट दोरीवर पडला की आई बाकीचे कपडे लांब सरकवायची. मी सात-आठ वर्षांची असेन. तुम्ही हिवतापाच्या फवारणीला पाड्यापाड्यांतून फिरता आणि घर फवारून झालं की दाराशेजारी गेरूने तारीख घालता, एवढं मला ठाऊक होतं. एका दुपारी तुमचा गेरूचा डबा घेऊन मी आपल्या गोठ्याच्या भिंतीवर तश्शीच तारीख लिहिली. वाटलं, तुम्ही हसाल. तुम्ही खांद्यावरचा पंप उतरवलात, फडकं ओलं केलंत आणि ती तारीख पुसत बसलात. पुसून झाली तरी पुसतच होतात. "फवारल्याबिगर लिवायचं नाय गो," एवढंच म्हणालात, आणि त्या दिवशी जेवला नाहीत.

का, ते कळायला मला तिशी गाठावी लागली. शेवटच्या आजारात तुम्हीच सांगितलंत. शेणव्याच्या पुढच्या एका पाड्यावर एक बाई दारात आडवी उभी राहिली होती. आत सून बाळंतीण, चार दिवसांचं पोर, हा वास आत नको, म्हणून हात जोडत होती. तुम्हाला तिची दया आली. साहेब तपासणीला येणार होते, म्हणून न फवारताच तुम्ही दाराशेजारी तारीख घातलीत. महिन्याभरात ती सून तापाने गेली. हिवतापच होता का, कोणी रक्त तपासलं नव्हतं. "मला म्हाईत हाय," म्हणालात आणि तोंड भिंतीकडे केलंत. मी तुमचे पाय चेपत राहिले.

मी हल्ली काय करते ते तुम्हाला कळलं तर तुम्ही डोक्याला हात लावाल. वाशिंदजवळ एका शेडमध्ये आम्ही डास वाढवतो. डेंग्यूचे, दिवसा चावणारे. त्यांच्यात असा एक जनुक घातला आहे की या नरांपासून होणाऱ्या माद्या अळी असतानाच मरतात; नर तेवढे वाढतात आणि तोच वारसा पुढे नेतात. माद्याच कमी झाल्या की डासच कमी होतात. म्हणून बाहेर सोडायचे ते फक्त नर, कारण नर चावत नाहीत. शेडमध्ये मात्र पैदाशीसाठी पाण्यात औषध घालून माद्याही जगवाव्या लागतात, म्हणून कोशात असतानाच नर वेगळे करतो. मादीचा कोश मोठा, तो दोन काचांच्या फटीत वर अडकतो आणि नर पाण्याबरोबर खाली उतरतात.

डास सोडायच्या गावांच्या यादीत शेणव्याच्या पुढचा तुमचा तो पाडा होता. लोकांना समजावायला मलाच पाठवलं. शाळेच्या ओट्यावर सगळे जमले. एक जण म्हणाला, "आमच्या पोरांना मुली मिळत नाय, आनि तुमी मच्छरांची लग्नं लावताय." सगळे हसले, मीही हसले. मग पुढे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "एक पन मादी नाय ना त्यात?" मी म्हटलं, "एक पण नाही, आजी." ती माझ्याकडे बघत राहिली. "तू त्या फवारणीवाल्याची पोर ना गो? तोंडावरून वलखलं. माजी सून बाळंतीण व्हती तवा तुज्या बापानं माजं ऐकलं व्हतं. देवमानूस." संमतीच्या कागदावर तिने पहिला अंगठा उमटवला. तिच्यामागे सगळ्यांनी. तिच्या मांडीवर एक दोन वर्षांची मुलगी होती, त्या चार दिवसांच्या पोराची पोर. तिचे पाय उघडे होते.

परवा दुपारी सोडायच्या डब्यांची जाळी नीट बसवत होते, तेव्हा मनगटाला चावलं. मी बघितलं. मारावं हे सुचलंच नाही. तिचं पोट हळूहळू लाल होत गेलं, मग ती उठली आणि जाळीच्या फटीतून परत आत जाऊन त्या हजारोंत मिसळली. आता कुठली ती, ओळखू येत नाही. एक आहे की अनेक, तेही कळत नाही. शेडमध्ये जन्मलेली मादी निरोगी असते, हे मी लोकांना सांगते आणि ते खरं आहे. पण पाड्यावर ती आधी कुणाला चावेल आणि मग कुणाला, ते माझ्या हातात नाही. नोंद केली तर नियमाप्रमाणे सगळे डबे गरम पाण्यात बुडवायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. पाड्यावर दोघांना आत्ताच ताप आहे. तोवर उशीर होईल, असं मी मनाशी म्हटलं. तुम्हीही त्या दारात मनाशी काहीतरी म्हणाला असालच.

फॉर्मवर एक रकाना असतो, आढळलेल्या माद्या. मी शून्य घातलं आणि खाली सही केली. सोमवारी सकाळी गाडी निघेल.

हे पत्र तुमच्या गेरूच्या डब्यात ठेवते आहे, आईने तो अजून टाकलेला नाही. मघाशी ती विचारत होती, एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचं कशाला घातलंस. ऊन लागतं, म्हटलं.