नाकातले दोन थेंब

आये, तुला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुला एक अक्षर लिहिलं नाही. लिहायचं तरी काय होतं? तुला वाचता येत नव्हतं, आणि माझं सगळं रडगाणं तू होतीस तेव्हाच तुला तोंडावर ऐकवून झालं होतं. आज लिहितेय, कारण इथं बोलायला माणूस नाही. भिवंडीतल्या लहान मुलांच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, बाकड्यावर बसलेय. दुपारचे तीन वाजलेत. मी काम करते त्या गोदामातून पर्समध्ये आलेलं चिठ्ठ्यांचं पॅड मांडीवर घेतलंय. समोरच्या काचेच्या दाराआड तुझी पणती आहे, माझ्या लेकीची लेक, सव्वा महिन्याची. नाकाला नळी लावलीय. श्वास घेताना तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. तीन दिवस झाले. सुया चालू आहेत, वाफ चालू आहे, पण फरक म्हणून नाही. डॉक्टरीणबाई सकाळी म्हणाल्या, एव्हाना औषध लागू पडायला हवं होतं.

मग त्यांनी मला आणि लेकीला बाजूला घेऊन विचारलं, "बाळाच्या नाकातोंडात काही घातलं होतं का? तेल, तूप, घुटी, काहीही? नीट आठवून सांगा." मी म्हणाले, न्हाय. विचार करायलाही थांबले नाही, दुकानदार मागच्या खणात न बघताच "संपलंय" म्हणतो ना, तसं म्हणाले. लेक खाली बघत होती, तिनंही मान हलवली. बाई म्हणाल्या, "अंगाला खोबरेल लावा, खुशाल लावा, बाळाच्या कातडीला चांगलंच असतं ते. पण नाकात घालत असाल तर मला कळायला हवं. तेल नाकातून छातीत उतरतं, मग हा वेगळाच आजार होतो, त्याचे उपचार वेगळे." मी परत म्हणाले, न्हाय बाई, आमच्यात तसलं करत नाय. आये, मी घातलं होतं. पाचवीपासून रोज, न्हाऊ घालायच्या आधी, दोन्ही नाकपुड्यांत एकेक थेंब. तू घालायचीस तसं.

तूच शिकवलंस ना मला. मी अकरा वर्षांची होते आणि तू राहनाळपासून काल्हेरपर्यंत घरोघर बाळंतिणी न्हाऊ घालायला जायचीस. शाळेला सुट्टी असली की मला बरोबर न्यायचीस, गरम पाणी ओतायला. तू पाटावर बसून पाय लांब करायचीस, नडग्यांवर बाळ पालथं घालायचीस, आणि वाटीतलं तेल आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचीस. एकदा थंडीत मी वाटी निखाऱ्यावर धरायची विसरले, तर लोकांच्या घरात, बाळंतिणीच्या सासूसमोर, तू माझ्या हातावर चापट मारलीस. "थंड तेल पोराचे अंगाला? तुझे अंगावर वतू काय?" मला इतका राग आला की घरी येईपर्यंत तुझ्यामागे दहा पावलं अंतर ठेवून चालले. पण पाहून पाहून सगळं हातात बसलं. आधी तळपाय, मग पोटऱ्या, पोटावर बेंबीभोवती उजवीकडून गोल, छाती, पाठ, आणि मग टाळू. टाळू भरताना तू बोलायची थांबायचीस. तळहातात तेल घेऊन त्या मऊ जागेवर नुसतं ठेवायचीस, जिरेपर्यंत. शेवटी बोट बुडवून नाकात दोन थेंब. बाळ शिंकलं की बाळंतिणीची सासू हसायची, तू म्हणायचीस, "झालं, डोस्का मोकला झाला."

तेल म्हणजे तुझं आवेल. ते आता कुणी काढत नाही गं. ओले नारळ खवून, पाट्यावर वाटून, फडक्यात पिळून दूध काढायचं आणि चुलीवर मंद आटवत बसायचं. अर्धा दिवस जायचा. दूध फुटायचं, खाली चोथा तपकिरी व्हायचा आणि वर तेल सुटायचं, पाण्यासारखं नितळ. तो चोथा गूळ घालून आम्ही पोरं बोटांनी पुसून खायचो. स्वयंपाकघरात त्या वासानं दोन दिवस सारखी भूक लागायची. बाटली भरली की मग घरात कशाला म्हणून ते लागायचं नाही असं नव्हतं. केसांना होतंच. टाचांच्या भेगांना, फुटलेल्या ओठांना, बांगडी चढवताना मनगटाला. फणस कापायच्या आधी कोयत्याला आणि हातांना. दाराची बिजागरी कुरकुरली की तेच. बाबा खाडीवरून आले की खाऱ्या पाण्यानं चिरलेल्या त्यांच्या बोटांना तू तेच चोळायचीस आणि ते ओरडायचे. गावात कुणाला काही झालं की तुझं उत्तर ठरलेलं असायचं. आम्ही थट्टा करायचो, आयला सांगितलं की बिल मागणाराला तेल लाव, तर ती लावील.

आता ऐक गंमत. मी पूर्णा गावातल्या गोदामात पॅकिंगला आहे, सहा वर्षं झाली. तिथं हेच तेल येतं, काचेच्या बाटल्यांत, आवेलच, पण त्याला 'व्हर्जिन' म्हणतात. नव्या पोरी ते वाचून खिदळतात. बाटलीवर बारीक अक्षरांत फायदे छापलेत. केस, त्वचा, पचन, हाडं, स्मरणशक्ती. मी दिवसभर त्या बाटल्या बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळते आणि खोक्यात घालते, आणि प्रत्येक वेळी वाटतं, आमची आय बिन छापता एवढं सांगायची. अभिमान वाटायचा मला. लेक बाळंत झाली तेव्हा मी सुपरवायझरला सांगून सव्वा महिन्याची सुट्टी टाकली आणि लेकीला म्हटलं, बाई वगैरे काही ठेवायची नाही, माझ्या आयचा हात माझ्यात आहे. ती म्हणाली, "आई, डॉक्टर म्हणाले नुसतं अंगाला लावा." मी म्हणाले, डॉक्टरला काय ठाऊक, तुला मी असंच वाढवलंय. माझ्यापुढे कुणी बोलत नाही घरात, तुझ्यापुढे बोलायचं नाही तसं.

या सोमवारी नात रडत होती. भूक लागली होती तिला, आणि मी म्हणाले आधी न्हाण उरकू. टाळू भरली. नाकात थेंब सोडला आणि नेमका त्याच वेळी तिनं टाहो फोडायला श्वास ओढला. एकदम काळीनिळी झाली. मी उलटी करून पाठीवर थोपटलं, खोकली, परत रडली, मला वाटलं सुटलो. दुसऱ्या नाकपुडीत पण घातला मी, आये. राहिलं होतं म्हणून घातला. दोन दिवसांनी ताप आला.

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. माझी लेक झाली तेव्हा तू आवेलची बाटली घेऊन आली होतीस. साठी उलटली होती तुझी, गुडघे दुखत होते, तरी चाळीस दिवस रोज न्हाऊ घातलंस. पायापासून टाळूपर्यंत सगळं केलंस आणि बाळ उचलून माझ्या हातात दिलंस. मी म्हणाले, "आये, नाक ऱ्हायला." तू म्हणालीस, "ऱ्हाउंदे." मी म्हणाले, का? तू टॉवेल झटकत म्हणालीस, "ऱ्हाउंदे, अथं वारा हाय." वारा कुठला गं, खिडकी बंद होती. मला वाटलं म्हातारी झालीस, विसरतेस, आणि मी चूक दाखवली ते झाकायला काहीतरी बोलतेस. तू बाहेर गेलीस की मीच दोन थेंब घालायचे. चाळीस दिवस, तुझ्या पाठीमागे. माझ्या लेकीला काही झालं नाही. म्हणून तर मी बिनघोर होते.

आणि मग आणखी मागचं आठवलं. मी सोळा वर्षांची असताना तू एके दिवशी बाळंतिणींकडे जायचं बंद केलंस. काल्हेरच्या एका घरचं बाळ तुझ्या हाताखाली होतं, ते खोकल्यानं गेलं. ठाण्याला नेलं होतं, परत आणलंच नाही. तू त्या घरी भेटून आलीस, मोरीत बसून कोपरापर्यंत साबण लावत राहिलीस, मी हाक मारली तरी उठली नाहीस. म्हणालीस, "हात दुखतान माजे." पुढच्या आठवड्यापासून तू लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला बसलीस. दिवसभर कांड्या भरणाऱ्या बाईचे हात दुखत नाहीत का? मी तेव्हा विचारलं नाही. लोक बोलवायला यायचे आणि तू त्यांना चहा पाजून परत पाठवायचीस.

तुला कळलं होतं का, आये? की नुसता संशय आला होता? ते बाळ कशानं गेलं मला माहीत नाही, तुलाही कुणी सांगितलं नसेल. पण तू नाकातले थेंब सोडलेस. मग मला का नाही सांगितलंस? "ऱ्हाउंदे" म्हणजे काय? एवढी जीभ चालायची तुझी, थंड तेलासाठी मला चारचौघांत मारलंस, आणि हे एक वाक्य तोंडातून निघालं नाही? 'घालू नको, पोर मरंल,' एवढंच. राग येतोय मला तुझा. इथं बाकड्यावर बसून दात आवळून राग येतोय. आणि मी काय केलं सकाळी? मला तर डॉक्टरनं समोरून विचारलं. तुला निदान कुणी विचारलं तरी नव्हतं.

उठते आता. आत जाऊन सांगते. हे लिहिलं नसतं तर बसूनच राहिले असते.

आले सांगून. चार वाजलेत. बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. लेक पण आत होती. मी म्हणाले, "बाई, नाकात तेल मी घातलं. रोज घातलं. सकाळी खोटं बोलले." मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी पेन खाली ठेवलं, कधीपासून, किती, शेवटचं केव्हा, ठसकली होती का, सगळं विचारून लिहून घेतलं. मग कुणाला तरी फोन लावला. मला म्हणाल्या, सांगितलंत ते बरं केलंत, आता दिशा तरी कळली, ठाण्याला मोठ्या दवाखान्यात हलवू, तिथं हे बघणारे डॉक्टर आहेत. मी विचारलं, वाचंल ना? त्या म्हणाल्या, "आज काही बोलता येणार नाही." गाडी यायला अर्धा तास आहे.

लेकीकडे बघायची हिंमत नव्हती. बाहेर आलो तेव्हा तीच बोलली. "मी दारात उभी होते, आई, सोमवारी. दुसरा थेंब घालताना मी बघितलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघून मी पण नाही म्हणाले." एवढं बोलून ती भिंतीला टेकून खाली बसली आणि मी तिच्या शेजारी. माझा हात धरला नाही तिनं, झटकलाही नाही. तिचं दूध दाटलंय, ओढणी ओली झालीय, ती पुसायचंही भान नाही तिला. मी पुसली.

गाडी आलीय म्हणतात, कागद आवरते. हा तुझ्याकडे पोचायचा नाही, बरंच आहे ते. पण एक राहिलं सांगायचं. आत जाताना मी ठरवून गेले होते, सगळं तुझ्यावर ढकलायचं. आमच्या आयनं शिकवलं, आम्हाला काय ठाऊक, असं. वाक्य तयार होतं माझं. आणि बाईंनी शेवटी विचारलंच, "हे नाकात तेल घालायचं तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हणाले, कुणी न्हाय, माझ्याच मनानं. तेवढं एक खोटं आज परत बोलले मी, आये.