स्टेशनच्या घड्याळाने अकरा वीस

मी, ॲबिना मार्गारेट क्रॉली, वय चव्वेचाळीस, अविवाहित, गोर्टनालीच्या शाळेची मुख्य शिक्षिका, राहणार गोर्टनाली, काउंटी कॉर्क, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच शाईने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. असे सगळेच लिहितात, म्हणून आज सकाळी पडताळून पाहिले: तेराचा पाढा उलटा म्हटला, आणि गेल्या वर्षभरात मी कुठे कुठे खोटे बोलले याची यादी केली. पाढा बरोबर आला. यादी लांबली. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. येत्या मंगळवारी कॉर्कच्या इस्पितळात माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत आणि डॉक्टर माझ्याशी फार प्रेमाने बोलू लागले आहेत, एवढाच काय तो दबाव.

घर, सायकल, पुस्तके यांची वाटणी पुढे येईल. पण या कागदाचे खरे कारण एका ओळीचे आहे, ते आधी लिहिते: बॅट हर्ली फितूर नव्हता. हे मला एकवीस वर्षे माहीत आहे.

१. व्यवस्थापक म्हणून मी बाजारगावचे वकील श्री. टॅनर यांना नेमते. ते प्रोटेस्टंट असल्यामुळे इंग्रजांविरुद्धच्या आमच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या एकाही लढाईत नव्हते, आणि होतो असा दावाही करीत नाहीत. या भागात असा दुसरा पुरुष मला सापडला नाही.

२. माझ्या शवपेटीवर ध्वज घालू नये आणि कबरीवर बंदुकीच्या फैरी झाडू नयेत. स्मारक समितीने गेल्या वेळी तीन बंदुका आणल्या होत्या, त्यांतल्या दोन उडाल्या नाहीत आणि तिसरीच्या आवाजाने आमच्या चर्चचे पाद्री कॅननसाहेब यांचे कुत्रे दोन दिवस घर सोडून गेले. फैरी झाडायला आलेल्यांना रेशनात बसेल तेवढा चहा पाजून परत पाठवावे.

३. कॅरिगबॉन पुलावरच्या लढाईत 'शत्रूच्या गोळीबाराखाली' सेवा केल्याबद्दल सरकारने मला या वर्षी पदक दिले. ते श्रीमती लॉर्डन, विधवा, यांना द्यावे. त्या दिवशी गोळीबाराखाली आलेला एकमेव जीव त्यांचे गाढव होते, आणि गोळी आपल्याच बंदुकीची होती. गाढव हयात नाही. पदक मी घेतले कसे, हा प्रश्न मी डायरीत चार वेळा विचारला आहे. पोस्टमनसमोर परत करायला लाज वाटली, हे त्यातल्या त्यात खरे उत्तर.

४. हे कलम लांब होईल. श्री. टॅनर यांनी ते गाळू नये.

शनिवार, १८ जून १९२१. आमच्या कंपनीचा, म्हणजे गावच्या लढाऊ तुकडीचा, कप्तान जेरोम कॉटर. आज तो क्रीमरीचा, म्हणजे गावच्या दूध-लोण्याच्या कारखान्याचा, मॅनेजर आणि स्मारक समितीचा अध्यक्ष आहे. तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि टोपी तिरकी घालीत असे. बॅट हर्ली स्टेशनवर हमाल होता. गाडीने येणारे सैन्याचे सामान लॉऱ्यांत भरून छावणीकडे नेत, त्याची वेळ बॅटने चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे दिली आणि मी ती कॉटरकडे नेली. चिठ्ठीत होते: 'दोन लॉऱ्या. कॅरिगबॉन पुलावर अकरा वीस, स्टेशनच्या घड्याळाने.'

कॉटरने वाचली. "अकरा वीस. छान. साडेदहाला सगळे दबा धरून जागेवर."

आता, १९१६ साली सरकारने आमची घड्याळे पंचवीस मिनिटांनी पुढे ढकलून लंडनच्या घड्याळाला जोडली होती आणि उन्हाळ्यात वर आणखी एक तास. रेल्वे या नव्या वेळेने चाले. गाव जुन्या वेळेने चाले, कारण जुनी वेळ देवाची आणि नवी इंग्रजांची. गायींना तर दोन्ही माहीत नव्हत्या. कॉटरच्या घरी आजोबांचे उभे घड्याळ होते, त्याला कोणी हात लावलेला नव्हता, आणि कंपनी त्या घड्याळाने चाले.

मी म्हणाले, "जेरोम, चिठ्ठीत स्टेशनचं घड्याळ म्हटलंय."

"मग?"

"स्टेशनवर नवी वेळ..."

"ही कंपनी इंग्रजांच्या घड्याळावर चालत नाही, ॲबिना. तू अंडी उकड. युद्धाचं आम्ही बघतो. आणि ती चिठ्ठी जाळ."

मी तेवीस वर्षांची होते. कॉलेजात गेलेली घरातली पहिली मुलगी, गणितात पदक. वजाबाकी मला दिसत होती: एक तास पंचवीस मिनिटे. मी आणखी एकदा बोलायला हवे होते. त्या दिवसाच्या डायरीत मी लिहिले आहे, 'वेळेबद्दल बोलले.' हे खरे आहे. पुरेसे बोलले का, ते लिहिलेले नाही.

मी तीस अंडी उकडली. त्यांतली बारा हर्लींच्या कोंबड्यांची. बॅटची बहीण ज्यूलिया हिने शालीखालून आणून दिली होती. चौदा माणसे पुलाजवळच्या गवताच्या गंजीमागे बसली. प्रत्येकी दोन, अठ्ठावीस. कॉटरने तिसरे घेतले. एक परत आले. माणसे किती होती याबद्दल स्मारक समितीशी माझा जो वाद आहे त्यात माझा पुरावा एवढाच आहे, पण अंड्यांना देशभक्तीने भरते येत नाही.

आजोबांच्या घड्याळाने दहाला पाच कमी असताना लॉऱ्या पुलावरून गेल्या. आमच्या हातांत अंडी होती, अर्धी सोललेली. एक शिपाई मागे बसून शीळ घालीत होता. कॉटर उठला, धावत पुलावर गेला आणि धुळीवर एक गोळी झाडली. ती दरीत कुठे गेली ते वर कलम तीनमध्ये आले आहे. त्या दिवशी फुटली ती फक्त अंड्यांची टरफले.

ज्या पुलावर लॉऱ्या वेळेवर येतात आणि कंपनी येत नाही, तिथे कोणीतरी फितूर असलाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी, रविवारी चर्चमधल्या मासच्या प्रार्थनेनंतर, धान्याच्या कोठारात चौकशी झाली. मी दाराशी चहाची किटली घेऊन उभी होते.

कॉटर म्हणाला, "तू आम्हाला अकरा वीस कळवलंस, आणि लॉऱ्या गेल्या दहाला पाच कमी असताना. बोल."

"मी घड्याळात पाहिलं ते लिहिलं," बॅट म्हणाला.

"कुणाच्या घड्याळात?"

"स्टेशनच्या. माझ्याकडे दुसरं कुठंय? तसं लिहिलं होतं की मी चिठ्ठीत."

"नव्हतं लिहिलं."

"होतं, जेरोम. ॲबिनाला विचार."

सगळे माझ्याकडे वळले. कॉटर म्हणाला, "चिठ्ठी कुठाय?"

चिठ्ठी माझ्या प्रार्थनापुस्तकात, त्या क्षणी माझ्याच खिशात होती. मी ती जाळली नव्हती. का नव्हती, हे लिहायला मला कायद्याची भाषा सापडत नाही. अक्षर बॅटचे होते, एवढे पुरे. पण हुकूम ती जाळण्याचा होता, हुकूम मोडणाऱ्यांशी आम्ही कसे वागतो ते मी तिथे उभी राहून पाहतच होते, आणि प्रार्थनापुस्तकातून चौदा माणसांसमोर त्याची चिठ्ठी काढणे म्हणजे दुसरेच काही कबूल करणे होते.

"जाळली," मी म्हणाले.

"काय लिहिलं होतं?"

"आठवत नाही."

बॅट माझ्याकडे पाहून हसला. रागाने नव्हे. वर्गात एखादे हुशार पोर चुकावे तेव्हा हसतो तसा. त्याला देश सोडायला चोवीस तास दिले. गोळी घातली नाही, हा कॉटरचा दयाळूपणा समितीच्या पुस्तिकेत पान सातवर आहे. तीन आठवड्यांनी युद्धविराम झाला.

बॅट अमेरिकेत मोंटानातल्या ब्यूट गावी तांब्याच्या खाणीत उतरला, तो अजून तिथेच आहे. आई गेली तेव्हा आला नाही. आता छातीत धूळ भरली आहे. ज्यूलिया गावातच राहिली. तिला मागणी आली नाही. रविवारी चर्चमध्ये तिच्या बाकावर दोन माणसांची जागा आजही रिकामी राहते. गर्दीच्या दिवशी लोक उभे राहतात.

मी का बोलले नाही? बावीस साली यादवी होती. तेवीस साली लोक थकले होते. नंतर शाळेला नवे छप्पर हवे होते आणि कॉटर शाळेच्या समितीवर होता. बत्तीस साली सरकार बदलले, कॉटरही बदलला, सगळे खुशीत होते. एकाही वर्षी सत्याला वेळ सोयीची नव्हती.

५. या जून महिन्यात पुलावर दगडी क्रूस उभा राहिला. 'येथे शत्रूशी घनघोर सामना झाला', खाली त्रेपन्न नावे. पत्रकावर छापले होते: 'दुपारी तीन, नवी वेळ'. नवी वेळ आता आमच्याच सरकारची असल्याने कॉटरला चालते. गुत्त्याचा मालक मॉरिस लेन याचेही नाव क्रूसावर आहे. त्या जूनमध्ये मॉरिस सात वर्षांचा होता आणि माझ्याकडे पहिलीत होता. मी विचारले तेव्हा म्हणाला, "बाई, मनानं होतो की मी तिथं!" मनाने आणखी अडतीस जण होते.

ज्यूलिया रस्त्याच्या पलीकडे उभी राहून नावे वाचत होती. मी जवळ गेले.

ती म्हणाली, "त्रेपन्न जण होते म्हणे. मग अगं ॲबिना, अंडी पुरली कशी?"

मी क्रूसावरची नावे मोजू लागले.

"त्यातली बारा आमची होती," ती म्हणाली, आणि सायकलवर बसून गेली.

त्या दिवसापासून मला झोप नाही. गाठ नंतर कळली.

६. म्हणून: बॅट हर्लीची मूळ चिठ्ठी आणि माझी १९२१ ची डायरी ज्यूलिया हर्ली हिला द्यावी. चिठ्ठी चहाच्या रिकाम्या डब्यात आहे. सध्या रेशनमुळे रिकामे चहाचे डबे गावात पुष्कळ, हा हिरवा. बाकीच्या एकवीस डायऱ्या जाळाव्यात. त्यांत मी स्वतःला फार कठोरपणे तपासले आहे आणि तपासताना फार छान दिसले आहे.

७. माझ्या वडिलांचे घर आणि मागची पाच एकर जमीन ज्यूलिया हर्ली हिला. पुस्तके शाळेला. सायकल धाकट्या शिक्षिकेला. मागचा ब्रेक लागत नाही हे तिला आधी सांगावे.

८. शिलकीतून पाथरवटाला बोलावून क्रूसावर बॅटचे पूर्ण नाव, बार्थोलोम्यू हर्ली, कोरून घ्यावे. एकोणचाळीस नावे खोडण्याइतकी माझी शिल्लक नाही.

९. साक्षीदार. कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, म्हणून ज्यांना काहीच द्यायचे नाही असे दोघे मी निवडले. काल क्रीमरीत गेले.

कॉटर म्हणाला, "एवढी कसली घाई, ॲबिना? तू आम्हा सगळ्यांना पोचवून मग येशील!"

"उद्या अकराला शाळेत ये, जेरोम. मृत्युपत्रावर साक्षीदार हवाय. मॉरिसलाही आण."

"वाचावं लागेल? नाही, चष्मा आणायचा का म्हणून विचारतो."

"वाचायचं नसतं. मी सही करते ते बघायचं, आणि मी शुद्धीवर आहे म्हणून आपली करायची."

"हात्तिच्या! अशा महिन्याला पन्नास करतो मी. झेंडा मात्र आमचाच हं पेटीवर."

पदकांच्या दाखल्यांवर त्याने न पाहिलेल्या पुष्कळ गोष्टींची साक्ष दिली आहे. निदान ही एक तरी त्याच्या डोळ्यांदेखत घडो. आणि पुढे कोणी म्हणाले की आजाराने बाईचे डोके फिरले होते, तर मी शुद्धीवर असल्याचे कॉटर यांनी लिहून दिले आहे, हे श्री. टॅनर यांनी दाखवावे.

१०. मी इस्पितळातून जिवंत परतले, तर ~~परत आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी~~ शेवटच्या मासनंतर पुलावरच्या क्रूसापाशी उभी राहून बॅटची चिठ्ठी मोठ्याने वाचीन, आणि ती त्या दिवशी माझ्या खिशात होती हेही सांगेन.

वरचे शब्द मी खोडले आहेत. लिहून झाल्यावर ध्यानात आले की आज शनिवार आहे. मंगळवारच्या आधी एक रविवार येतो. तो मी मोजलाच नव्हता. वजाबाकीत पदक मिळवलेल्या बाईने. त्या जागी 'उद्या' असे वाचावे, आणि 'इस्पितळातून जिवंत परतले, तर' हे शब्दही गाळावेत. मी ज्यूलियाला निरोप पाठवला आहे की उद्या तिच्या बाकावर मी बसेन, आणि नंतर माझ्याबरोबर पुलापर्यंत चालायचे आहे. तिचे उत्तर आले: 'अंडी आणू का?'

हे सर्व मी राजीखुशीने, समजून उमजून लिहिले आहे. खाडाखोड माझी आहे, आणि तिच्याशेजारी दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे घेतली आहेत.

(सही) ॲबिना मार्गारेट क्रॉली

ॲबिना क्रॉली यांनी पूर्ण शुद्धीवर असताना आमच्या डोळ्यांदेखत वरील सही केली, आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष साक्षीदार म्हणून सह्या केल्या:

(सही) जेरोम कॉटर, क्रीमरी मॅनेजर, गोर्टनाली
(सही) मॉरिस लेन, गुत्त्याचा मालक, गोर्टनाली

ठिकाण: गोर्टनालीची शाळा
तारीख: शनिवार, १० ऑक्टोबर १९४२
वेळ: अकरा वीस, शाळेच्या घड्याळाने. श्री. कॉटर यांच्या आजोबांच्या घड्याळाने दहाला पाच कमी. दोन्ही लिहून ठेवते, म्हणजे या खेपेला कोणाला देश सोडावा लागणार नाही.